हॉस्पिटलच्या चॅरिटीला दिलेला पैसा हॉस्पिटलच्या बाहेर लोकांपर्यंत पोचतो का?

तुम्ही विचारलंय की हॉस्पिटलच्या चॅरिटीला देणगी दिली तर ती बिल्डिंग आणि मशीनमध्येच जाते की वस्तीवस्तीतल्या आरोग्याच्या कामालाही लागते. मी एका हॉस्पिटलच्या ट्रस्टमध्ये सहा वर्षं हेच बाहेरचं काम बघितलंय म्हणून लिहितेय. लागते, पण किती लागते ते देणगी कशासाठी म्हणून दिली यावर बरंच अवलंबून असतं.

हॉस्पिटलला पैसा मिळतो तो माणूस आजारी पडून दारात आला की. पण कुणी घरी जाऊन बीपी मोजलं, गोळ्या संपल्यात का बघितलं, बाळंतिणीला ताप नाही ना विचारलं, तर त्याचं बिल कुणाच्या नावाने करणार? ज्याचा फायदा झाला त्यालासुद्धा कळत नाही, कारण त्याला जो पॅरालिसिसचा झटका यायचा तो आलाच नाही. विम्यात हे बसत नाही, सरकारी बजेटमध्ये बसलं तरी अपुरं असतं. चॅरिटीच्या पैशाचं खरं काम इथे आहे असं माझं ठाम मत आहे.

आता लोकांना दिसतं ते शिबिर. एका दिवसात भरपूर लोक तपासून होतात, फोटो निघतात, डोनर खूश. आम्हीपण सुरुवातीला हेच करायचो, शुगर जास्त निघाली की चिठ्ठी द्यायची आणि ओपीडीला या म्हणायचं, आणि त्यातले फार थोडे यायचे, कारण यायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडणार आणि त्रास तर काहीच होत नाहीये मग जायचं कशाला. मग आम्ही त्याच वस्तीतल्या दोन बायकांना शिकवून मानधनावर घेतलं, त्यांनी घरी जाऊन पाठपुरावा करायचा. त्यानंतर लोक यायला लागले. तपासणी म्हणजे अर्धंच काम, त्यापुढचा पाठपुरावा मोडला तर तपासणीचा खर्चही वाया.

आणि नेमका या मानधनालाच पैसा मिळत नाही! एका कंपनीने आम्हाला सगळ्या सोयी असलेली व्हॅन दिली, छान होती, पण ड्रायव्हर, नर्स, डिझेल यासाठी एक पैसा नाही आणि त्या देणगीतलं काही दुसरीकडे वळवताही येत नव्हतं. कित्येक महिने ती नुसती उभी होती, आजही आठवलं की जीव तुटतो. ठराविक कामासाठी म्हणून दिलेली देणगी ट्रस्टला त्याच कामाला वापरावी लागते, ते बरोबरच आहे, पण सगळेच जण वस्तू देणार असतील तर त्या वस्तू चालवायच्या कुणी.

शिकवलेल्या बायकांच्या जोरावर काय होतं याची उदाहरणं जगभर सांगितली जातात. डॉ. रजनीकांत आणि मेबेल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं, त्यात गावातल्या, कित्येक तर निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत तुलनेच्या गावांपेक्षा तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, हे १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे २०११ पासून देशभरातल्या आशा ताईंच्या कामात हे आलं. म्हणजे देणगीच्या पैशावर छोटा प्रयोग करायचा, नीट मोजायचा, आणि सिद्ध झाला की तो सरकारने उचलायचा. सरकारला न सिद्ध झालेल्या गोष्टीवर पैसा लावणं अवघड जातं, ती जोखीम चॅरिटी घेऊ शकते. मला यापेक्षा मोठा उपयोग दुसरा वाटत नाही.

अजून एक, काम ठरवायचं कुणी? डॉक्टरांना वाटतं हृदयाची तपासणी, वस्तीत विचाराल तर म्हणतील दारू किंवा पाणी. अमेरिकेत तर २०१० च्या कायद्यानंतर धर्मादाय हॉस्पिटलांना दर तीन वर्षांनी आपल्या भागातल्या आरोग्याच्या गरजा तपासाव्या लागतात, त्यात लोकांचं म्हणणं घ्यावं लागतं आणि पुढे काय करणार तेही लिहून द्यावं लागतं. कायदा असो नसो, आधी विचारणं हवंच, आम्ही जिथे न विचारता गेलो ते प्रोग्राम वर्षभरात बंद पडले.

तेव्हा देणगी द्यायच्या आधी ट्रस्टला फोन करा आणि विचारा, तपासणीत ज्यांना काही निघालं त्यांच्यातले किती जण तीन महिन्यांनी उपचारावर आहेत? आकडा सांगितला, अगदी कमी सांगितला तरी, ती माणसं मोजतायत. नुसते फोटो पाठवले तर अजून एकदा विचारा. आणि शक्य असेल तर पावतीवर ‘कम्युनिटी प्रोग्राम, पगार आणि प्रवासखर्चासह’ असं लिहून घ्या, दरमहा थोडे दिलेत तर अजून चांगलं, कारण त्या बायकांचं मानधनही दरमहाच द्यायचं असतं.