बालगंधर्वांची नाटक कंपनी एवढी गाजूनही कर्जात का बुडाली?

हौसेपायी! नारायणराव राजहंसांना, म्हणजेच बालगंधर्वांना, रंगमंचावर नकली काही खपत नसे. उंची शालू, अस्सल अत्तरं, साथीला तबल्यावर थेट अहमदजान थिरकवा. प्रेक्षकांना ते ‘मायबाप’ म्हणायचे, मग खर्चाचा हिशेब कोण ठेवणार? 1913मध्ये गंधर्व नाटक मंडळी काढली. ‘स्वयंवर’, ‘एकच प्याला’ तुफान चालली, पण पैसा आला तसा गेला.

पुढे बोलपट आले आणि संगीत नाटकांचा प्रेक्षक तिकडे वळला. 1935मध्ये त्यांनी प्रभात फिल्म कंपनीच्या ‘धर्मात्मा’ या बोलपटात संत एकनाथ साकारले. कॅमेऱ्यापुढे मात्र ते रमले नाहीत, परत नाटकाकडेच आले. 1964मध्ये पद्मभूषण मिळालं. माझ्या मते व्यवहार जमला असता तर ते ‘बालगंधर्व’ झालेच नसते.