नकलांचा अभ्यास करून पोट भरतं का?

प्रश्न: माझी मुलगी कोल्हापुरात टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय इतिहास. ग्रीक स्त्रियांच्या पुतळ्यांच्या ज्या संगमरवरी प्रती रोमन लोकांनी केल्या, त्यांवर तिला युरोपात जाऊन शिकायचंय. घरचे म्हणतात, नकलांचा अभ्यास करून पोट भरतं का? कर्ज काढावं का? – एक आई

उत्तर:
ताई, वाद 'नकला' या शब्दावर अडलाय, म्हणून आधी तोच घेऊ. ग्रीकांचे ब्राँझचे पुतळे बहुतेक वितळवले गेले, कारण धातूला किंमत होती. आज ते आपल्याला कळतात ते मुख्यतः रोमन काळातल्या दगडी प्रतींवरून.

व्हॅटिकनमधली अस्पेशिया बघा. १७७७ मध्ये इटलीत चिविताव्हेक्कियाजवळ सापडलेला हा संगमरवरी स्तंभ, वर स्त्रीचं मस्तक. डोक्यावरून घेतलेला पदर, खाली नीट बसवलेले केस, आणि पायथ्याशी ग्रीक अक्षरांत नाव. अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याची ही सहचरी, इ.स.पू. पाचव्या शतकातली. नाव कोरलेलं नसतं, तर हा चेहरा कुणाचा हे कुणाला सांगता आलं नसतं. पण नाव आहे म्हणून चेहरा हुबेहूब तिचाच, असंही धरून चालत नाही. तुमच्या लेकीला नेमकं इथे खणायचंय. मला हा विषय फार मोलाचा वाटतो.

आता पैशाचं. निव्वळ या विषयावर भारतात कायमची नोकरी जवळजवळ नाहीच. म्हणून आत्ता कर्ज काढू नका. पण तिचा रस्ताही अडवू नका.

आधी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वात एम.ए. करू दे. सोबत रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, कारण या विषयातलं महत्त्वाचं लिखाण बरंचसं त्या भाषेत आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा म्युझिऑलॉजीचा पदविका अभ्यासक्रमही बघा; संग्रहालयातल्या कामाची वाट तिथून निघते. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते, राहण्याचा खर्च मात्र असतो. त्यासाठी शिष्यवृत्ती शोधायची.

आणि ग्रीक, लॅटिन आजपासून. सिसिलीचा रोमन सुभेदार व्हेरेस याने सिराक्यूसच्या सभागृहातून कवयित्री सॅफोचा पुतळा पळवला, सिलानियोन या शिल्पकाराने घडवलेला. चौथरा तिथेच राहिला, त्यावरच्या ग्रीक ओळींसकट. इ.स.पू. ७० मध्ये व्हेरेसवर खटला चालवणाऱ्या सिसेरो या रोमन वकिलाने त्याला टोला हाणला: याला ग्रीकचं एक अक्षर कळत असतं, तर चौथराही उचलला असता! तो पुतळा आज नाही. त्याची हकीकत उरली ती लॅटिनमध्ये, म्हणून भाषेशिवाय इथे हात बांधलेले.

मुलीची ओढ खरी की चार फोटो बघून आलेली, हे मात्र पैसे न घालता तपासता येईल. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संग्रहालयात 'हर्क्युलेनियमच्या स्त्रिया' म्हणून ओळखले जाणारे पुतळे आहेत; हर्क्युलेनियम म्हणजे इटलीतलं ज्वालामुखीत गाडलं गेलेलं रोमन गाव. त्यातली धाकटी उजव्या हाताने डाव्या खांद्यापाशी वस्त्राचा काठ ओढते. हाच पवित्रा रोमन साम्राज्यात पुन्हा पुन्हा घडवला गेला. अंग ग्रीक ठेवायचं आणि वर कुणा गावातल्या मानाच्या बाईचा चेहरा बसवायचा! डेलॉस या ग्रीक बेटावर सापडलेली अशीच एक मूर्ती अथेन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दोन्हींचे फोटो शेजारी ठेवून तिला फक्त चुण्या बघायला सांगा. कुठली चुणी दोन्हीत आहे? कुठे कारागीर घाईत होता? बोटांखाली कापड खरंच ओढलं गेलंय, की नुसत्या रेघा मारल्यात?

शिवाय तुम्ही कोल्हापूरच्याच. ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझमूर्ती टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. भूमध्य समुद्राकडून आलेली ही मूर्ती तिने तासभर उभं राहून बघावी, चित्र काढावं.

फोटोंची तुलना आणि ही मूर्ती, दोन्हींवर चार-चार पानं लिहून झाली की मला पाठवा. मी वाचेन आणि पुढचं तिच्याशीच बोलेन.