खाकी एकच, धनी वेगवेगळे

या वेळच्या टपालात पोलीस दलांविषयीचे प्रश्न बरेच आहेत. त्यातले पाच घेतो.

सीबीआय म्हणजेच देशाचे पोलीस ना? अमेरिकेत एफबीआय आहे तसे? मग एखादं राज्य सरकार त्यांना 'येऊ नका' असं कसं म्हणू शकतं? (वाचक, इचलकरंजी)

देशाचे पोलीस असं दल भारतात नाहीच. घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांची जी विषयसूची आहे, तिच्यात सार्वजनिक सुव्यवस्था पहिल्या क्रमांकावर आणि पोलीस दुसऱ्या. म्हणून महाराष्ट्र पोलीस मंत्रालयातल्या गृह विभागाला उत्तर देतात, दिल्लीला नाही. केंद्रशासित प्रदेशांचं वेगळं आहे. दिल्लीत निवडून आलेलं सरकार असलं तरी तिथले पोलीस केंद्रीय गृह मंत्रालयाच्या ताब्यात असतात आणि त्यावरून तिथे भांडणंही होतात. एफबीआय म्हणाल, तर तेही अमेरिकेचे राष्ट्रीय पोलीस नव्हेत. शहरांचे, परगण्यांचे पोलीस तिथेही स्वतंत्रच आहेत.

सीबीआयचं मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. युद्धासाठी चाललेल्या खरेदीत लाचखोरी माजली, ती पकडायला १९४१ मध्ये एक विशेष पथक उभं केलं. त्याला १९४६ मध्ये दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्याचा आधार मिळाला आणि १ एप्रिल १९६३ रोजी सरकारी ठरावाने सीबीआय झाली. तपासाचा अधिकार अजूनही त्या १९४६ च्या कायद्यातूनच येतो आणि त्याचं सहावं कलम सांगतं की राज्याच्या हद्दीत काम करायचं तर राज्याची संमती हवी. महाराष्ट्राने ही सरसकट संमती ऑक्टोबर २०२० मध्ये काढून घेतली आणि सरकार बदलल्यावर ऑक्टोबर २०२२ मध्ये परत दिली. मात्र उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला तर संमतीचा प्रश्नच उरत नाही. तसा निर्वाळा घटनापीठाने २०१० मध्येच दिला आहे.

गावात खून झाला की मोर्च्यात 'सीबीआय चौकशी झालीच पाहिजे' ही घोषणा ठरलेली. मला तिच्यात फारसा दम वाटत नाही. पंचनामा, पहिले जबाब, सीसीटीव्हीचं चित्रण हे सगळं स्थानिक ठाण्यानेच गोळा केलेलं असतं. ते कच्चं राहिलं तर सहा महिन्यांनी येणारा अधिकारी, मग तो कुठल्याही संस्थेचा असो, काय उकरून काढणार? मोर्चा न्यायचाच असेल तर तो पहिल्या आठवड्यात आणि पंचनामा नीट व्हावा म्हणून न्यावा.

नागपूरहून मुंबईला येताना रात्री गाडीत बायकोची पर्स गेली. कल्याणला लक्षात आलं. आरपीएफचा जवान म्हणाला, 'हे आमचं काम नाही.' लोहमार्ग पोलिसांनी भुसावळला जायला सांगितलं. नक्की जायचं कुठे? (वाचक, डोंबिवली)

जवान खरं बोलला, ठाणं चुकलं.

आरपीएफ, म्हणजे रेल्वे सुरक्षा दल, रेल्वे मंत्रालयाचं. १९५७ च्या कायद्याने आलेल्या या दलाकडे रेल्वेच्या मालमत्तेचं आणि प्रवाशांचं संरक्षण आहे. रूळ, तांब्याची तार, मालगाडीच्या डब्यातला माल चोरीला गेला तर तपास ते करतात. पण प्रवाशाची पर्स मारली गेली तर तो भारतीय न्याय संहितेखालचा गुन्हा, आणि तो नोंदवणार लोहमार्ग पोलीस, म्हणजे जीआरपी. ते महाराष्ट्र पोलिसांचाच भाग आहेत. मुंबईला त्यांचे आयुक्त, नागपूर-पुण्याला अधीक्षक. त्यांचा खर्च मात्र राज्य आणि रेल्वे निम्मा-निम्मा उचलतात. एकाच फलाटावर दोन खाकी आणि त्यांचे दोन धनी, त्यामुळे प्रवासी गोंधळला तर दोष त्याचा नाही.

आता 'भुसावळला जा' याबद्दल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस थेट सुरू करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर कुठल्याही ठाण्याने घ्यायची, मग गुन्हा कुठल्या का हद्दीत घडलेला असेना. ठाणं शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवतं आणि कागद संबंधित ठाण्याकडे पाठवतं. हा झिरो एफआयआर. शिवाय प्रवासात झालेल्या गुन्ह्याचा खटला त्या प्रवासाच्या वाटेवरच्या कुठल्याही हद्दीतल्या न्यायालयात चालू शकतो. त्यामुळे पर्स भुसावळला गेली की इगतपुरीला, हे तुम्ही सिद्ध करत बसायची गरज नाही.

ठाणे अंमलदारासमोर बसलात की कागदावर काय लिहिलं जातंय ते वाचा. पुष्कळदा 'पर्स गहाळ झाली' असं लिहून दाखला हातात देतात. गहाळचा दाखला नवं आधार कार्ड काढायला चालतो, पण त्यावर तपास होत नाही. प्रवासी वाहनातली चोरी न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये येते, शिक्षा सात वर्षांपर्यंत. 'चोरी' असंच लिहून घ्या आणि खबरीची प्रत मागा. ती फुकट मिळते. नाहीच ऐकलं तर तक्रार लेखी करून टपालाने अधीक्षकांकडे, मुंबईच्या हद्दीत आयुक्तालयातल्या वरिष्ठांकडे पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पर्समध्ये मोबाइल होता का ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर 'संचार साथी' संकेतस्थळावरून तो आजच बंद पाडा, त्यासाठी पोलिसांतल्या तक्रारीची प्रत लागते.

२६/११ चा तपास मुंबई पोलिसांनी केला, मग तहव्वूर राणाला एनआयए का घेऊन आली? (वाचक, ठाणे)

हल्ला झाला तेव्हा एनआयए, म्हणजे केंद्राची राष्ट्रीय तपास संस्था, नव्हतीच. तिचा कायदा त्या हल्ल्यानंतर, २००८ च्या डिसेंबरात झाला. कसाबवरचा खटला मुंबई गुन्हे शाखेच्या तपासावर उभा राहिला. हल्ल्याच्या कटातले आरोपी डेव्हिड हेडली आणि राणा यांच्यावरचा गुन्हा एनआयएने २००९ मध्ये वेगळा नोंदवला, म्हणून एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने राणाला सोपवलं ते एनआयएच्या हाती. एनआयएला राज्याची संमती लागत नाही. तिच्या कायद्याच्या अनुसूचीतला गुन्हा असेल तर केंद्र स्वतःहूनही तपास तिच्याकडे देऊ शकतं. सीबीआयपेक्षा ही ताकद मोठी आहे आणि राज्यांची कुरकुरही त्यावरूनच असते.

निवडणुकीत येणारे सीआरपीएफचे जवान गुन्हा नोंदवू शकतात का? (वाचक, गडचिरोली)

नाही. १९३९ मध्ये नीमचला संस्थानी मुलखासाठी उभं राहिलेलं आणि १९४९ मध्ये आजचं नाव मिळालेलं हे केंद्राचं सशस्त्र दल राज्य पोलिसांच्या मदतीला येतं. कुणाला पकडलं तरी त्याला स्थानिक ठाण्याच्या हवाली करायचं. गुन्हा तिथेच नोंदला जातो आणि तपासही तिथलाच अधिकारी करतो.

मुलगी एमपीएससीतून पीएसआय आणि यूपीएससीतून आयपीएस, दोन्हीची तयारी करते आहे. नोकरी दोन्हीकडे राज्याचीच ना? आम्ही सावंतवाडीचे, तिला गोवा मिळाला तर बरं. (वाचक, सावंतवाडी)

रोजचं काम राज्याचं, पण नेमणूक वेगळी. पीएसआय, म्हणजे पोलीस उपनिरीक्षक, राज्य सरकारची. नाशिकच्या अकादमीत प्रशिक्षण, पुढे सहायक निरीक्षक, निरीक्षक, उपअधीक्षक. आयपीएसला नेमतात राष्ट्रपती, प्रशिक्षण हैदराबादला, आणि नोकरी केडर, म्हणजे नेमून दिलेला राज्याचा अधिकारीवर्ग, मिळेल त्या राज्यात. तिथलं सरकार तिची बदली करेल, निलंबितही करू शकेल, पण बडतर्फ करू शकणार नाही. दुर्गम जिल्ह्यात वाकड्या माणसांशी गाठ पडते तेव्हा हा फरक कळतो. पीएसआय होऊन आयपीएसपर्यंत पोचायचा रस्ताही आहे, कारण आयपीएसची एक तृतीयांश पदं राज्य सेवेतल्या बढतीने भरतात. पण पोचेपर्यंत निवृत्ती दिसू लागते.

गोव्याला स्वतःचं आयपीएस केडर नाही. तिथले अधिकारी अरुणाचल, गोवा, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेश मिळून केलेल्या संयुक्त केडरमधून येतात. आज पणजी, तीन वर्षांनी इटानगर, मग दिल्ली किंवा अंदमान, असा तो फेरा असतो. घराजवळ राहायचं म्हणून ते केडर मागणार असाल तर मुलीला नकाशा आधी दाखवा.