कमरेचा संधिवात आणि वारंवार लाल होणारा डोळा: कोणते औषध निवडावे?

आपल्याला अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस (कंबर व मणक्याचा संधिवात) आहे, वर्षभरात तीन वेळा डोळ्याला युव्हायटिस (डोळ्याच्या आतल्या पडद्याला येणारी सूज) झाला आहे, आणि डॉक्टरांनी सल्फासालाझिन, मेथोट्रेक्सेट व बायोलॉजिक (जिवंत पेशींपासून बनवलेले औषध) इंजेक्शन असे तीन मार्ग सांगितले आहेत. त्यांतला कोणता धरावा, असा आपला प्रश्न आहे. मी डॉक्टर नाही. सांगलीत राहणारा, हाच आजार सोळा वर्षे अंगावर वागवणारा रुग्ण आहे. औषध ठरवायचे ते आपल्या डॉक्टरांनीच, पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारावे, एवढे मी सांगू शकतो.

माझ्या मते विचार कमरेपासून नव्हे, डोळ्यापासून सुरू करावा. कंबर रोज दुखते म्हणून ती विसरता येत नाही. डोळा मात्र थेंबांनी शांत झाला की आपण त्याला विसरतो, आणि भरून न येणारे नुकसान तिथे लवकर होते. माझा डोळा पहिल्यांदा लाल झाला तेव्हा ‘डोळे आले असतील’ म्हणून औषधाच्या दुकानातून थेंब आणून मी पाच दिवस घातले. चिपडे येत नव्हती, उजेड सहन होत नव्हता आणि लाली बुबुळाच्या कडेने होती, यावरून खरे तर शंका यायला हवी होती. मिरजेच्या नेत्रतज्ज्ञांनी स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून आतून पाहण्याच्या यंत्रावर) हनुवटी टेकवायला लावून पाहिले, तोवर बाहुलीची कड मागच्या भिंगाला दोन ठिकाणी चिकटली होती. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी एक जागा सुटली, दुसरी सुटली नाही. आजही आरशात ती बाहुली गोल दिसत नाही, हरभऱ्यासारखी एका बाजूला टोक आलेली दिसते.

आता औषधांकडे वळतो. सल्फासालाझिन स्वस्त आहे, गुडघे-घोटे सुजत असतील तर उपयोगी पडते आणि काहींच्या डोळ्याचे झटकेही त्याने कमी होतात. मणक्याच्या दुखण्यावर मात्र त्याचा फारसा भरवसा धरू नये. सल्फाची ॲलर्जी असल्यास ते आधीच सांगावे. मेथोट्रेक्सेटचेही मणक्याच्या बाबतीत तसेच आहे. डोळ्याला त्याची मदत होऊ शकते. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकते, म्हणून आमच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक रविवारी माझी पत्नी लाल फुली मारत असे. सोबत फॉलिक ॲसिड, ठरावीक काळाने रक्ताची व यकृताची तपासणी, आणि दारू वर्ज्य. मूल हवे असेल तर हे औषध सुरू करण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे.

बायोलॉजिक हा शब्द ऐकून ती सगळी इंजेक्शने सारखीच, असे मीही समजत होतो. २०१६ साली मला एटानरसेप्ट सुरू झाले. कंबर इतकी सुटली की सकाळी वाकून बुटाची नाडी बांधता येऊ लागली, पण डोळा त्या दीड वर्षात चार वेळा भडकला. टीएनएफ या शरीरातल्या सूज वाढवणाऱ्या घटकाला अडवणारे इंजेक्शन असूनही एटानरसेप्टचा युव्हायटिसवर प्रभाव कमी पडतो, तर अडालिमुमॅब आणि इन्फ्लिक्सिमॅब ही त्यासाठी अधिक उपयोगी मानली जातात, हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते. मीही सांध्याच्या डॉक्टरांना डोळ्याच्या झटक्यांच्या तारखा कधी दाखवल्या नव्हत्या. २०१८ मध्ये अडालिमुमॅबवर आलो. त्यानंतर डोळा एकदाच लाल झाला आहे. म्हणून डॉक्टर बायोलॉजिक सुचवतील तेव्हा ‘कोणते, आणि माझ्या डोळ्यासाठी तेच का?’ हे अवश्य विचारावे.

खर्चाची धास्ती मलाही होती. अडालिमुमॅबचे पहिले भारतीय बायोसिमिलर (मूळ बायोलॉजिकशी मिळतेजुळते, दुसऱ्या कंपनीने बनवलेले औषध) डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आले आणि त्यानंतर किंमत मूळ औषधापेक्षा बरीच खाली आली; तरीही दर दोन आठवड्यांनी ४० मिलिग्रॅमची सुई हा मध्यमवर्गीय घराला जाणवणारा खर्च आहेच. सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी टाळू नये, कारण शरीरात झोपलेला क्षय या औषधाने जागा होऊ शकतो. माझी मॅन्टू चाचणी (क्षयासाठी हाताच्या त्वचेत टोचून करतात ती) वाढीव आली, म्हणून आधी महिनाभर आयसोनियाझिड या क्षयावरच्या गोळ्या घेतल्यावरच पहिली सुई मिळाली, आणि त्या गोळ्या पुढे सहा महिने पूर्ण केल्या. हेपॅटायटिस बी आणि सी यांचीही तपासणी होते.

इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. २०१९ च्या महापुरात वीज गेली तेव्हा फ्रीजमधल्या दोन सुया मला फेकून द्याव्या लागल्या. तेव्हापासून मी एका वेळी एकच आणतो.

बायोलॉजिक सुरू असतानाही डोळा लाल झाला, तर घरात उरलेले स्टिरॉइडचे थेंब मनाने घालू नयेत. लाली नागिणीच्या जातीच्या विषाणूची असेल तर तेच थेंब डोळा बिघडवतात, आणि दीर्घकाळ घातले तर डोळ्याचे प्रेशर वाढते, मोतीबिंदूही येतो. त्याच दिवशी स्लिट लॅम्पवर डोळा दाखवावा, आणि नेत्रतज्ज्ञांनी लिहिलेला कागद पुढच्या खेपेला सांध्याच्या डॉक्टरांसमोर ठेवावा.