शीड हातात, पाणी कुठे?

या सदराला येणारी बहुतेक पत्रं 'कुठला बोर्ड घेऊ' या एकाच प्रश्नाभोवती फिरतात. या वेळी मात्र बरीच पत्रं पिण्याच्या पाण्याबद्दल आहेत. मी गोव्यात करंझाळ्याच्या किनाऱ्यावर विंडसर्फिंग, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डवर उभं राहून वाऱ्याने जायला, शिकवते आणि याच विषयावर माझा घसा रोज कोरडा पडतो, म्हणून बोर्डांची पत्रं पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवली.

प्रश्न : वय ३४. सुट्ट्या जुळवून गोव्यात विंडसर्फिंग शिकतोय, आता हार्नेस (शिडाचा ओढा अंगावर घेणारा पट्टा) लावून जातो. उतरण्याआधी लिटरभर पाणी गटागट पिऊन घेतो. तरी दोन तासांनी हातांना गोळे येतात आणि संध्याकाळी डोकं ठणकतं. पाण्यावर असताना तहान अशी लागतच नाही. नेमकं किती प्यायचं? आणि न्यायचं कसं, दोन्ही हात तर बूमवर, शीड धरायच्या दांडीवर, असतात! — एक वाचक, ठाणे

उत्तर : शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण गोम तिथेच आहे. सायकलवाल्याच्या दांडीला बाटली असते, पळणारा वाटेत कुठेही थांबतो. आपले दोन्ही हात अडकलेले, आणि बाटली किनाऱ्यावर चपलांशेजारी. परत यायचं तर वाऱ्याची मर्जी बघायची. पाणी प्यावं हे सगळ्यांनाच ठाऊक असतं हो. हाताशी नसतं म्हणून राहतं.

तहान लागत नाही याची कारणं आहेत. वारा घाम येताक्षणी सुकवतो आणि शिंतोड्यांनी अंग ओलंच असतं, त्यामुळे घाम किती गेला हे कळत नाही. शिवाय नवशिका निम्मा वेळ पाण्यात पडलेला असतो. पाण्याच्या दाबाने हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं, शरीराचा समज होतो की आत पाणी जास्त झालंय, आणि लघवी लागते. म्हणजे दोन वाटांनी पाणी जातंय आणि दोन्ही वाटा लक्षात येत नाहीत. 'सगळं काम वाराच करतो' हाही एक गैरसमज. पाण्यात भिजलेलं शीड दोरीने उपसून उभं करणं ही अंगमेहनत आहे. २०२३च्या हांगझोऊ आशियाई खेळांत भारताच्या इबाद अलीने विंडसर्फिंगच्या ज्या आरएस:एक्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्यात तर वारा पडला की शीड सारखं पंप करत, म्हणजे पंख्यासारखं हलवत, बोर्ड पुढे न्यावा लागतो. दम कसा लागतो ते एकदा करून बघा.

आता तुमचं लिटरभर गटागट. त्यातलं बरंचसं लघवीवाटे निघून जातं, पोट डुचमळतं ते वेगळं. त्याऐवजी दोनेक तास आधी चारशे-पाचशे मिली सावकाश प्या आणि सोबत काहीतरी खारट खा. आमच्याकडे सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि लोणच्याची फोड असते. पाणी, पिष्ट आणि मीठ एका वाडग्यात, आणि तासाभरात पोट हलकं. मी मुलांना तेच खायला लावते. मुंबईहून आलेली मंडळी नाक मुरडतात आणि हॉटेलातलं तळलेलं खाऊन येतात.

पाण्यावर साधारण वीस मिनिटांनी दीडशे ते दोनशे मिली, ही सुरुवात. पण प्रत्येकाचा घाम वेगळा, म्हणून एक दिवस वजन करून बघा. उतरण्याआधी आणि परत आल्यावर, ओले कपडे काढून, अंग पुसून. एक किलो कमी भरलं तर साधारण एक लिटर पाणी गेलं. मध्ये जे प्यायलात ते त्यात मिळवा, म्हणजे तुमचा घाम कळेल. ७० किलोच्या माणसाचं वजन दीड किलोच्या आसपास घटलं, तर त्याचा दम आणि निर्णय दोन्ही ढिले पडायला लागतात. जेवढं गेलं त्याच्या सव्वा ते दीडपट संध्याकाळपर्यंत भरून काढायचं, एका दमात नाही. संध्याकाळची तुमची डोकेदुखी बहुधा याने जाईल. टोपी घालत नसाल तर मात्र मला दोष देऊ नका.

गोळे मात्र पाण्याने जातील असं वाटत नाही. हाताच्या पुढच्या भागात गोळे येतात ते बूम आवळून धरल्यामुळे. हार्नेस लावता म्हणता, पण त्यावर भार टाकता का? हार्नेस ज्यांत अडकवता त्या बूमच्या दोऱ्या इतक्या लांब ठेवा की हात जवळजवळ सरळ राहतील, आणि बूमवर बोटं फक्त अडकवा. वाऱ्याचा ओढा कमरेने घ्यायचा असतो. मीठ कमी पडलं की गोळे येतात हे आपण लहानपणापासून ऐकतो. थकलेला स्नायू हे त्याहून मोठं कारण असतं.

न्यायचं कसं? पाठीवरचा हायड्रेशन पॅक. दीड लिटरची पिशवी, खांद्यावरून येणारी नळी, टोकाला चावून उघडायची तोटी. विकत घेताना हार्नेस आणि लाइफ जॅकेट घालूनच दुकानात जा, लोक हसले तर हसू देत. कमरेचा हार्नेस असेल तर पॅक आखूड आणि वर, खांद्यांच्या पात्यांमध्ये बसणारा हवा. लांब पॅक हार्नेसच्या पाठीवर आपटत राहतो. नळी छातीशी क्लिपने अडकवा, नाहीतर पडल्यावर ती बूमच्या दोरीत गुंतते. घोट घेतला की नळीत फुंकर मारून उरलेलं पाणी परत पिशवीत ढकला, म्हणजे पुढचा घोट चहासारखा गरम येत नाही. पिशवीत साधं पाणीच भरा. सरबत भरलंत तर आठवड्यात आत बुरशी धरते आणि मग तो वास कशानेही जात नाही. सरबत किनाऱ्यावरच्या डब्यात. शर्यतीत अंगावर मुद्दाम वजन चढवायला मनाई असते, पण विंडसर्फरच्या नियमांत पाण्याच्या पिशवीला वेगळी मुभा दिली गेली: किमान एक लिटर मावेल अशी, भरून दीड किलोपर्यंत. नियम करणाऱ्यांनाही तिची गरज कळली होती.

प्यायचं कधी? शीड पाण्यात आडवं पडू द्या आणि बोर्डवर बसा. पडलेलं शीड बोर्डाला वाहून जाण्यापासून बरंच आवरतं. शांतपणे चार घोट घ्या, किनाऱ्यावरची एखादी खूण बघून आपण कुठे सरकतोय ते तपासा, मग उठा. तसंही नवशिक्याने वीस मिनिटांनी बसायलाच हवं.

एवढं लांबवण्याचं कारण सांगते. सकाळी आमच्याकडे मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे. पाणी सपाट, वारा हलका, म्हणून शिकायला छान. पण हा वारा तुम्हाला बाहेर नेतो. त्यात मांडवीच्या मुखाशी ओहोटी लागलेली असेल तर पाणीही बाहेरच ओढतं. अशा वेळी सुकलेला माणूस शीड तीनदा उचलतो, चौथ्यांदा उचलत नाही. पोहणं उत्तम येत असूनही त्याला मग बोटीने आणावं लागतं. म्हणून मी पाण्याची पिशवी लाइफ जॅकेटच्या शेजारी टांगते, डब्याच्या शेजारी नाही.

प्रश्न : मुलगा १२ वर्षांचा, टेक्नो २९३ या विंडसर्फिंग बोर्डवर सराव करतो. बाकीची मुलं एनर्जी ड्रिंकचे कॅन आणतात, तोही मागतो. देऊ का? — एक आई, पणजी

उत्तर : नको. त्यात कॅफीन असतं आणि बारा वर्षांच्या मुलाला त्याचं काही काम नाही. साधं पाणी, दर वीस मिनिटांनी शंभर-दोनशे मिली, प्रशिक्षकाच्या बोटीत त्याच्या नावाची बाटली. सराव तासाच्या वर जाणार असेल तर मीठ-साखर घातलेलं लिंबू किंवा कोकम सरबत. ओआरएसची पुडी आणलीत तर ती जितक्या पाण्यासाठी आहे तितक्यातच विरघळवा; लिटरची पुडी पेलाभर पाण्यात ओतणारे पालक मी बघते. टेट्रापॅकमधली गोड पेयं ओआरएस म्हणून विकली जात होती, त्या नावाच्या वापराला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५मध्ये मनाई केली. जुना साठा दुकानात दिसला तर फसू नका. शहाळं परत आल्यावर द्या, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि मीठ कमी, म्हणून सोबत काही खारं असू दे.

प्रश्न : दुबईत असतो. जुलैत सुट्टीच्या दिवशी चार तास पाण्यावर होतो, भीतीने पाच लिटर साधं पाणी प्यायलो. तरी मळमळ, डोकेदुखी, आणि अंगठी बोटातून निघेना. पाणी कमी पडलं का? — एक वाचक, दुबई

उत्तर : उलट असावं, जास्त झालं असावं. घामातून मीठ जातं. त्या जागी नुसतं पाणी ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. फुगलेली बोटं हे त्याचं एक लक्षण, आणि वजन केलं असतंत तर ते वाढलेलं दिसलं असतं. पुढच्या वेळी पाणी घामाच्या हिशेबाने, आणि मधल्या विश्रांतीत खारट खाणं. असं होऊन माणूस बरळायला लागला किंवा झटका आला तर आणखी पाणी न पाजता थेट इस्पितळ गाठायचं. अंग तापलेलं असेल तर वाटेतही ते गार करत राहायचं.

बाकी जुलैत दुपारी जाताच कशाला? तुमच्याकडे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर मजुरांनाही काम लावता येत नाही. समुद्रच तिशीच्या वर तापलेला असतो, त्यात पडून अंग निवत नाही. पहाटे जा.

प्रश्न : अगदीच वेळ आली तर समुद्राचं पाणी थोडं प्यायलं तर? — एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम क्षार. इतकी खारट लघवी आपली मूत्रपिंडं करू शकत नाहीत, म्हणून ते क्षार बाहेर टाकायला प्यायलात त्याहून जास्त पाणी खर्ची पडतं. पडताना एखादा घोट पोटात गेला तर काही बिघडत नाही.

प्रश्न : वय ६१, रक्तदाबाची गोळी चालू आहे, तिने लघवी जास्त होते. नातवासोबत शिकायची इच्छा आहे. — एक वाचक, पुणे

उत्तर : जरूर शिका, पण तुमच्यासाठी पाण्याचा आणि मिठाचा आकडा मी देणार नाही. वर लिहिलेलं खारट खाणंही तुम्हाला लागू नाही. गोळी कधी घ्यायची, त्या दिवशी किती प्यायचं, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. त्यांना विचारताना 'जरा पाण्यात खेळतो' असं मोघम सांगू नका. दोन तास उन्हात उभं राहून शीड ओढणार आहे, असं सांगा.