स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यासाठी निघणाऱ्या मोर्चांचा खरंच काही उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की दरवर्षी एवढे मोर्चे निघतात, रस्ते निळ्या-पांढऱ्या झेंड्यांनी भरतात, त्याने स्वातंत्र्य जवळ येतं का. माझं मत सरळ सांगते, चालणाऱ्याला उपयोग होतो, ज्याचं मत वळवायचंय त्याच्यावर काही परिणाम होत नाही. ग्लासगोत बरीच वर्षं राहतेय, २०१४ च्या सार्वमतात मत दिलंय (कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून इथे राहणाऱ्या भारतीयांना तो हक्क होता), 'येस'ला, म्हणजे स्वातंत्र्याच्या बाजूने दिलंय, आणि मोर्चातही चाललेय. त्यामुळे लांबून बोलत नाहीये.

११ जानेवारी २०२० चा मोर्चा. शनिवार, सकाळपासून पाऊस आणि वारा असा की केल्विनग्रोव्ह पार्कला पोचेपर्यंत मोजे ओले. तरी माणसं येतच होती, बाबागाडीतली पोरं, कुत्री, बॅगपाइपवाले, अंगावर झेंडा गुंडाळलेल्या आज्या. आयोजकांनी आकडा ८० हजार सांगितला. शेवटी ग्लासगो ग्रीन या मैदानावर भाषणं होणार होती ती वाऱ्यामुळे रद्दच झाली, पण कुणाला त्याचं काही वाटलं नाही, आम्ही नुसते चालत होतो आणि मला खरंच भरून आलं होतं. नवरा शेजारी, दोघांनी मिळून एक मोठा झेंडा धरलेला.

आणि शहराच्या मध्यात एका बसस्टॉपवर आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी दिसल्या.

त्यांचे मिस्टर तेव्हा केअर होममध्ये होते, दर शनिवारी त्या बसने भेटायला जायच्या. रस्ते बंद, बस वळवलेली, आजी चाकांची पिशवी घेऊन पावसात उभ्या. मी झेंडा नवऱ्याकडे दिला आणि त्यांच्याकडे गेले, म्हटलं टॅक्सी बघू का. "नो हेन, यू एन्जॉय यौर डे" (नको बाळा, तू मजा कर) एवढंच म्हणाल्या. चिडल्या नव्हत्या. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, माझ्यामागून जाणाऱ्या गर्दीकडे बघत राहिल्या, आणि त्या नजरेत 'ही माझी माणसं नाहीत' हे स्पष्ट होतं.

या आजींनी २०१४ ला 'नो' दिलं होतं. कारण दोनच, पेन्शन आणि पाउंड. त्या फेब्रुवारीत ब्रिटनचे तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्ननी सांगितलं होतं की स्वतंत्र झालात तर ब्रिटनबरोबर सामाईक पाउंड ठेवता येणार नाही, आणि ते वाक्य त्यांच्या डोक्यात घट्ट बसलेलं. त्यांच्या किचनमध्ये चहा पीत मी दोन-तीन वर्षं हळूहळू या विषयावर बोलत आले होते. ब्रेक्झिटनंतर तर त्या स्वतःहून विषय काढायच्या, स्कॉटलंडने ६२ टक्के 'रिमेन', म्हणजे युरोपियन युनियनमध्ये राहण्याच्या बाजूने, मत देऊन काय मिळालं म्हणून. त्या शनिवारनंतर कित्येक आठवडे फक्त हवापाण्याच्या गप्पा.

नवरा म्हणतो हा योगायोग, बस काय कुठल्याही कारणाने चुकते. आमचं हे भांडण आजही चालू आहे. तो कोल्हापूरचा, त्याचे आजोबा संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात होते, त्यामुळे त्याचं एकच पालुपद, रस्त्यावर उतरल्याशिवाय काही मिळत नाही. अरे पण तिकडे लोकांचं मत आधीच बनलेलं होतं, पटवायचं होतं ते दिल्लीला! आणि दिल्लीला खरी धास्ती बसली ती १९५७ च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली तेव्हा. इथे निम्मं स्कॉटलंडच अजून पटलेलं नाही. २०१४ ला ५५ विरुद्ध ४५ ने हरलो, ते ४५ कितीही वेळा जॉर्ज स्क्वेअरमधून चालत गेले तरी ४५ च राहतात.

लंडनवर दबाव येतो म्हणाल, तर आमच्या त्या मोर्चानंतर तिसऱ्याच दिवशी, १४ जानेवारीला, तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सनचं दुसऱ्या सार्वमताला नकार देणारं पत्र आलं. २०२२ च्या नोव्हेंबरात तर ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानेच सांगून टाकलं की वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे लंडनच्या पार्लमेंटच्या, परवानगीशिवाय एडिनबराच्या पार्लमेंटला सार्वमताचा कायदा करता येणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, २०२० च्या उन्हाळ्यापासून पोलमागून पोलमध्ये 'येस' ५० च्या वर गेलं, तेव्हा कोविडचे निर्बंध होते, रस्त्यावर एकही मोठा मोर्चा नव्हता!

त्याच उन्हाळ्यात मी आजींना किराणा आणून द्यायचे. एकदा पिशव्या दारात ठेवल्या आणि त्या मागूनच म्हणाल्या, माझा भाऊ तिकडे इंग्लंडात कार्लाइलला असतो, स्वतंत्र झालो तर त्याला भेटायला पासपोर्ट लागेल का गं? मी जिन्यातच उभी राहून सांगितलं की आयर्लंड वेगळा देश आहे तरी तिथल्या लोकांना ब्रिटनमध्ये ये-जा करायला आडकाठी नाही, तसंच इथेही ठेवण्याचा विचार आहे. मग पेन्शन, मग पाउंड. पाऊण तास. पाउंडबद्दल माझ्याकडेही पक्कं उत्तर नव्हतं आणि तसं मी सांगितलं, आपल्या बाजूचा तो कच्चा दुवाच आहे. शेवटी म्हणाल्या, आधी 'नो' होते, आता माहीत नाही. हे 'माहीत नाही' मिळायला २०१४ पासून सहा वर्षं लागली.

हां, एक मात्र मान्य करते. दक्षिणेकडच्या डम्फ्रीससारख्या भागात, जिथे साधारण ६६ टक्के 'नो' पडलं, तिथे मोर्चा निघतो तेव्हा घरात गप्प बसलेल्या 'येस'वाल्यांना कळतं आपण एकटे नाही. २०१४ नंतर खचलेल्यांना मोर्चांनीच उभं केलं हेही खरं. आणि मी बघितली ती एकच बाई एकाच बसस्टॉपवर, सगळीकडे असंच होत असेल असं नाही.

तुम्हाला जायचं असेल तर जरूर जा, चांगलं जॅकेट घाला, छत्री नेऊ नका, ग्लासगोच्या वाऱ्यात ती उलटतेच. पण मंगळवारी संध्याकाळी दारोदार पत्रकं वाटायला आमच्या ग्रुपला कायम माणसं कमी पडतात. मोर्चाला भाड्याच्या बस भरून लोक येतात, मंगळवारी आम्ही पाच जण. नवरा त्या पाचात अजून एकदाही आलेला नाही.