चिपवरचा मळका कागद

प्रश्न : सुपर निन्टेन्डो या जुन्या गेम कन्सोलच्या एका अप्रकाशित गेमचं प्रोटोटाइप (चाचणीसाठी बनवलेलं) कार्ट्रिज मिळालंय. चिपवरचा मळका कागद काढू का?

उत्तर : अहो, हात लावू नका! त्याखाली क्वार्ट्‌झची खिडकी असते. ही ईप्रॉम चिप, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी मेमरी, अतिनील प्रकाशाने पुसली जाते. सतत ऊन लागलं की गेम गेला. माझ्या एका चिपचा कागद अर्धा सुटला होता, तर तिसऱ्या लेव्हलला पडद्यावर नुसते रंगीत चौकोन! आधी जाणकाराकडून रॉमची, म्हणजे चिपमधल्या गेमची, प्रत काढा, मग ती फ्लॅश कार्ट्रिजवर (ज्यात गेमची प्रत भरता येते) खुशाल खेळा. अर्धवट गेम मध्येच अडकतो, आवाज गायब असतो. मला तर त्यातच मजा येते. ‘स्टार फॉक्स २’ हा गेमही असाच नव्वदच्या दशकात तयार होऊन पडून होता, अधिकृतपणे आला २०१७ मध्ये. आणि हो, कागदावर पेनने तारीख लिहिलेली असेल, तर तिचा फोटो काढून ठेवा. शाई उडते.